भावींच्या राज्यात पुण्य फार स्वस्त

आमच्या प्रभागाइतका पुण्यवान प्रभाग अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. गेल्या वर्षभरात इथे महाआरत्या झाल्या, भंडारे झाले, सामूहिक अथर्वशीर्ष झालं, सत्यनारायण तर इतके झाले की प्रसादाचा शिरा बघून आमच्या धाकट्याला ॲसिडिटी होते. पाणी मात्र दिवसाआड येतं. ते पण पहाटे, आणि ते पण मोटर लावली तर.

आता ही भक्ती आली कुठून? तर कोर्टातून. हसू नका, खरंच सांगतेय. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ सालीच संपली होती, मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, या कोर्टातून त्या कोर्टात, असं करत करत कारभार प्रशासकांकडे. त्या सगळ्या काळात आमच्या चौकात एक माणूस देवाचं नाव घेईना. चौकातला मारुती एकटा बसलेला असायचा, शनिवारी आमच्या सासूबाई तेल घालायच्या तेवढंच. मग २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या (चार महिन्यांत झाल्या नाहीतच, वाढवून वाढवून जानेवारी २०२६ उजाडला, पण ते जाऊदे) आणि बघता बघता त्याच मारुतीला एलईडीची माळ, स्टीलचं रेलिंग, समोर पेव्हर ब्लॉक, आणि रेलिंगवर मोठ्या अक्षरात 'सौजन्य'. फूटपाथ गेला त्यात सगळा. सार्वजनिक जागेवर नवीन धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने २००९ सालीच सांगून ठेवलंय, पण आमच्याकडे कोर्टाचं निवडणुकीपुरतंच ऐकायची पद्धत आहे.

सौजन्य अर्थातच आमच्या भावी नगरसेवकांचं. नाव घेत नाही, घरात आम्ही त्यांना नुसतं 'भावी' म्हणतो. आमचे हे म्हणतात की हा माणूस इतकी वर्षं भावी आहे की आता निवडून आला तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

भावींचा फ्लेक्स एकदा बघाच. कपाळाला अष्टगंध, हात जोडलेले, गळ्यात भगवं उपरणं आणि मागे देव. देवाचा चेहरा भावींच्या चेहऱ्याच्या निम्मा. वरच्या बाजूला नेत्यांच्या गोल गोल फोटोंची रांग, ती मात्र बदलत असते, कारण २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा फुटला, आणि भावी दोन्ही वेळेला 'निष्ठेने' कुठेतरी होते, कुठे ते फ्लेक्स बघून कळायचं. देव तेवढा तोच राहिला, बिचाऱ्याला जायला दुसरा गट नाही. आणि मागच्या गल्लीत ईदला वेगळाच फ्लेक्स लागतो, तिथे भावींच्या डोक्यावर जाळीदार टोपी, बॅकग्राउंड हिरवं, हातात शीरखुर्म्याची वाटी. माझी काही हरकत नाही हो, दोन्ही सण साजरे करावेत माणसाने, चांगलंच आहे. पण हेच भावी सहा महिने आधी त्याच गल्लीच्या तोंडाशी भोंग्याविरुद्ध निवेदन द्यायला उभे होते, 'ध्वनिप्रदूषणाने ज्येष्ठ नागरिक त्रस्त' वगैरे. ज्येष्ठ नागरिक म्हणून आमच्या सासूबाईंनाच पुढे उभं केलं होतं. त्यांना ऐकायला कमी येतं.

आणि नवरात्रात त्याच भावींनी आमच्या गेटसमोर स्पीकरची भिंत उभारली. भिंत म्हणजे भिंतच, तीन मजली. नियम काय सांगतो तर रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. हे नियम २००० सालचे आहेत, म्हणजे आमच्या थोरल्यापेक्षा वयाने मोठे. आमच्याकडे खिडकीच्या काचा, फोडणीचा डबा आणि सासऱ्यांची कवळी असलेला पेला हे तिन्ही एका तालात थरथरत होते. मी खाली जाऊन एका कार्यकर्त्याला म्हणलं, अरे दादा, बारावीचा पोरगा आहे घरात, जरा कमी करा. तर तो मला म्हणतो, "ताई, देवीचं आहे." संपलं. पुढे काय बोलणार? लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. शेवटी ह्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले. आरतीची वेळ होती, ते पण टोपी काढून उभे राहिले, प्रसाद घेतला आणि गेले.

पण आमचं खरं दुखणं म्हणजे चेंबर. सोसायटीच्या गेटसमोर ड्रेनेजचं चेंबर आहे ते तुंबतं. तुंबतं म्हणजे काय ते जेवणाची वेळ असेल तर नका विचारू. आम्ही विटा टाकून रस्ता केलाय, त्यावरून सगळी सोसायटी साडी-चप्पल-दप्तर सांभाळत टिपरी खेळल्यासारखी उड्या मारत बाहेर पडते. तक्रारीचं ॲप आहे, त्यावर फोटो काढून टाकला की दोन दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज येतो आणि खाली विचारतात, आपण समाधानी आहात का, पाच पैकी तारे द्या. एक तारा दिला की तक्रार परत उघडत नाही, फक्त 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' येतं.

म्हणून मग भावींच्या संपर्क कार्यालयात गेले. बाहेर चपला काढायच्या, कारण आत देव आहेत. देव म्हणजे भिंतभर फोटो, त्यात संत, महापुरुष आणि वरचे साहेब सगळे एकाच मापाच्या फ्रेममध्ये, सगळ्यांना एकच हार. एसी चालू, उदबत्ती चालू. मी चेंबरचं 'चे' म्हणलं तोवर एका पोराने हातावर पेढा ठेवला. "ताई आधी प्रसाद घ्या." घेतला. भावी आतून आले, मला नमस्कार केला, माझ्या मागच्या फोटोला नमस्कार केला, दारातून जाणाऱ्या रिक्षावाल्याला नमस्कार केला. सगळं ऐकून घेतलं हं, खोटं कशाला बोलू, मान हलवत ऐकलं. आणि मग म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, येत्या गुरुवारी तिथेच महाआरती ठेवलीय आपण."

तिथेच म्हणजे चेंबरवर! आणि खरंच ठेवली. चेंबरवर प्लायवूड, प्लायवूडवर लाल कारपेट, कारपेटवर स्टेज. दोन पोती धूप जाळला असेल, त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गेटात वास आला नाही. आरतीला आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळे पुढे, मोबाईल वर करून शूटिंग करत. चेंबरचं निवेदन लिहिलं तेव्हा याच मंडळींना सही करायला पेन सापडत नव्हता.

स्वच्छतेचं वावडं आहे असं मात्र नाही हं भावींना. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, म्हणजे २० डिसेंबरला, आमच्या रस्त्यावर स्वच्छता मोहीम झाली. सकाळी आधी टेम्पोतून पोतंभर सुकी पानं आली, ती कार्यकर्त्यांनी रस्त्यावर नीट पसरली, फार एका जागी नको म्हणून एकाने पायाने सारखी केली, मग नवा कोरा झाडू आला (किमतीचं स्टिकर दांड्यावर तसंच), मग भावी आले, झाडू धरला, फोटो झाले, भावी गेले. पानं राहिली. ती आमच्या कचरा वेचणाऱ्या ताईंनी उचलली. आता गाडगेबाबा म्हणजे, ज्या गावात जायचे तिथे आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. भावींनी त्यातलं कीर्तन तेवढं घेतलं. बाबा चेंबरपाशी उभे राहिले असते तर सगळ्यांना कामाला लावलं असतं, आणि पहिला खराटा कुणाच्या हातात दिला असता ते मला चांगलं माहितीये.

मग आमच्या सासूबाई यात्रेला गेल्या. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, एसी बस, 'सर्व खर्च भावींकडून'. सरकारची पण साठीच्या पुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना आहे २०२४ पासून, माणशी ३० हजारांपर्यंत, पण तिला उत्पन्नाचा दाखला नाहीतर पिवळं-केशरी रेशनकार्ड लागतं. भावींच्या यात्रेला फक्त मतदान कार्डाची झेरॉक्स लागते. मी म्हणलं, अहो आई, गुडघे दुखतात तुमचे, कशाला? तर म्हणाल्या, "बसमध्ये गुडघ्याला काय काम असतं?" गेल्या. डोक्यावर भावींच्या फोटोची टोपी, हातात भावींच्या फोटोची पिशवी, बसमध्ये टीव्हीवर भावींचं भाषण, ते संपलं की भजन, भजन संपलं की परत भाषण. परत आल्यावर शेजारणींना सांगत होत्या, जेवण काय सुंदर होतं, पोटभर वाढलं, एक पैसा घेतला नाही भावींनी! मी विचारलं कुठे जेवलात? तर अक्कलकोटच्या अन्नछत्रात. अहो आई, तिथे रोज सगळ्यांनाच फुकट असतं! स्वामींच्या पंगतीवर पण याने आपलं सौजन्य लावलं म्हणजे कमाल झाली.

आणि आचारसंहिता लागायच्या आधी मार्गशीर्षातला गुरुवार गाठून हळदीकुंकू. आयोजक भावींच्या सौ. आणि मित्रपरिवार. निवेदक माईकवर, "सर्व माता-भगिनींचं स्वागत", उखाणे, पैठणीचा लकी ड्रॉ, वाण म्हणून स्टीलचा डबा आणि झाकणावर स्टिकर. ते स्टिकर गरम पाण्याने पण निघत नाही, आमच्या तांदळात रोज सकाळी भावी हात जोडून उभे असतात. पण 'सर्व माता-भगिनी' मध्ये आमच्या शेजारच्या मावशी नव्हत्या. काका जाऊन तीन वर्षं झाली त्यांचे. सगळ्या विंगमध्ये पत्रिका वाटत आलेली मुलगी त्यांच्या दाराशी थबकली आणि तशीच पुढे गेली. मी गॅलरीतून बघत होते, मला कसंतरीच झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला होता की विधवांच्या बाबतीतल्या या प्रथा बंद, मग सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. हेरवाड खेडं आहे, आम्ही पडलो स्मार्ट सिटीवाले, आमच्यापर्यंत यायला वेळ लागणार.

पुढे जानेवारीत प्रचारात भावी स्वतः दारोदार आले, तेव्हा मावशींच्या दारात सगळ्यात आधी, एकदम वाकून पायाच पडले, "आई, आशीर्वाद द्या." मावशी पन्नास वर्षं मराठी शाळेत शिकवल्यासारख्या दिसतात, प्रत्यक्षात त्या पोस्टात होत्या. चष्मा नाकावर घेऊन म्हणाल्या, "हळदीकुंकवाला चालत नाही, बोटाला शाई लावलेली चालते होय रे?" भावींना कळलं की नाही देव जाणे. ते "हो आई, नक्की आई" करत पुढच्या दारात.

१५ जानेवारीला मतदान झालं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे बूथवर सगळे एकदम गोड बोलत होते. आमच्याकडे प्रभाग चार जणांचा, म्हणजे चार मतं द्यायची, अ ब क ड. याचा फायदा असा की नंतर चेंबर तुंबलं तर 'अ' म्हणतो ते 'ब' कडे, 'ब' म्हणतो 'क' बघतो, आणि 'ड' चा फोन लागत नाही. सासूबाईंना चार बटणं दाबायची म्हणून मी आदल्या दिवशी कागदावर काढून शिकवलं. बाहेर आल्यावर हळूच विचारलं, आई, भावींना दिलं ना? तर म्हणाल्या, "नाही बाई. देवदर्शन घडवलं त्याचं पुण्य त्याला मिळालं की. वर परत मत कशाला?"

तरी भावी निवडून आले. १६ तारखेला गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं, सगळं साग्रसंगीत. जेसीबी आमच्या गेटसमोरच उभा होता, चेंबरपासून दोन हातांवर, तेवढ्यात जरा खोदून पण घेता आलं असतं, पण तो फुलांसाठी आला होता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला फोन लावला, तर साहेब नवस फेडायला गेलेत, आल्यावर सांगतो.

आणि त्याच आठवड्यात चौकात आभाराचा फ्लेक्स लागला. मधोमध भावी, आता माजी-भावी, आणि त्यांच्या बाजूला, डोक्यावर टोपी घातलेल्या, हात जोडलेल्या आमच्या सासूबाई! यात्रेतला फोटो. खाली लिहिलेलं, 'मायमाऊलींच्या आशीर्वादाने'. मी चिडले, ह्यांना म्हणलं, न विचारता फोटो कसा लावतात, तक्रार करूया. सासूबाई पण चिडल्या होत्या, पण त्यांचं वेगळंच. "डोळे मिटलेत गं माझे त्यात." त्यांनी स्वतःच ऑफिसला फोन लावला आणि चांगलं झापलं, की असला कसला फोटो लावलात, लोक काय म्हणतील.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत दोन पोरं शिडी घेऊन आली, विटांवरून उड्या मारत खांबापर्यंत गेली आणि फ्लेक्स बदलला.