सातबाऱ्यावरचा ‘अज्ञान’

जुलैत बंदरावर काम नसतं. मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून शाकारलेल्या, आणि आम्ही रत्नागिरीच्या बंदरावरच्या चहाच्या टपरीत, पत्र्याखालच्या कट्ट्यावर. परवा तांडेलदादा भिजत आला. सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यावरचं पाणी झटकलं आणि आतला सातबाऱ्याचा उतारा वकिलांच्या पुढ्यात धरला.

“ही तीन अक्षरं काय आहेत ती सांगा. ह्यांनी माझं इंजिन अडवलंय.”

पुतण्याच्या नावापुढे लिहिलं होतं : अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पुढचं नाव दादाच्या अंगठ्याखाली झाकलं गेलं होतं.

प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. दादाचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. वाटण्या आधीच झालेल्या. त्याच्या वाट्याची आंब्याची कलमं बायकोच्या आणि मुलाच्या नावावर चढली. आता होडीचं इंजिन गेलंय, १ ऑगस्टला बंदी उठेल, आणि कलमांना मुंबईचा गिऱ्हाईक तयार आहे. मुलगा सतरा वर्षं पाच महिन्यांचा.

“तो अंधारात जयगडपर्यंत होडी नेतो,” दादा म्हणाला. “वारा फिरला की माझ्याआधी त्याला कळतं. मी त्याच्या भरवशावर झोपतो होडीत. आणि हा अज्ञान?”

वकील शांत माणूस. म्हणाले, “दादा, तो कोर्टाच्या मराठीतला शब्द आहे. अठरा पुरी झाली की सज्ञान, तोवर अज्ञान. १८७५ च्या कायद्यापासून हेच चाललंय. मुलाचा हिस्सा विकायचा तर वहिनींनी आधी कोर्टाची परवानगी घ्यायची, १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याने. परवानगीशिवाय विकलात तर अठरा पुरी झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो दावा लावून व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. मुंबईवाल्याला हे कळलं की तो पैसे काढणार नाही.”

“वहिनीचं काय, मी सांगेन तिथे ती सही करते.”

“कोर्ट तिला विचारेल, मुलाचा फायदा काय? आणि इंजिन तुमच्या नावावर आहे.”

दादा गप्प झाला. पण तेवढ्यापुरताच. मग त्याने विचारलं ते मात्र खरंच विचारण्यासारखं होतं. माणूस मोठा होतो कधी, ते कायद्याने एकदाच का ठरवत नाहीत? वकिलांनी भराभर सांगितलं : मतदान आधी एकविसाव्या वर्षी होतं, १९८९ पासून अठराव्या. मुलाचं लग्न एकवीस, मुलीचं अठरा. ग्रामपंचायतीला उभं राहायला एकवीस, आमदारकीला पंचवीस. आपल्या राज्यात बिअर एकविसाव्या वर्षी, कडक दारू पंचविसाव्या.

“म्हणजे सरकार निवडायची अक्कल आली, बायको निवडायची नाही!” दादाने मांडीवर थाप मारली.

इतका वेळ नुसते ऐकत बसलेले मास्तर तेव्हा बोलले. “ह्या कट्ट्यावर १ जूनला वाढदिवस असलेले किती?” सहा जणांत तिघांचे हात वर. मास्तरांनी स्वतःचाही केला. “आमच्या वेळी आईबाप सांगायचे, मोठ्या वादळाच्या वर्षी झाला, शिमग्याच्या सुमाराला झाला. शाळेत घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे. मीही नोकरीत लागलो तेव्हा तशा तारखा लिहिल्यात. पोराचं वय मी टाकाच्या एका फटक्यात ठरवलंय.”

वकिलांनी मान हलवली. बाल न्याय कायद्यात वय ठरवायला शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र हेच आधी बघतात, मग पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरामधल्या मुलाने घोर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. एवढं सगळं, कधीकाळी कुणी वहीत अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर.

“मग पुसा ती रेघ!” दादा म्हणाला. “ज्याची त्याची समज बघून ठरवा.”

इथे मला राहवलं नाही.

ह्या कट्ट्यावरून टिळक आळी चालत जाण्याइतकी जवळ. २३ जुलैला तिथे हार पडतील, मीही दरवर्षी जातो. पण एका गोष्टीत मी टिळकांच्या बाजूचा नाही, आणि ती हीच गोष्ट. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. संमतीच्या वयाची कायद्यातली रेघ तेव्हा दहा वर्षांवर होती. फुलमणी तिच्या पलीकडे गेलेली, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. १८९१ मध्ये सरकारने रेघ बारावर नेली, तेव्हा टिळक विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये, हे त्यांचं म्हणणं. मालवणात जन्मलेले, रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण भांडारकर बिलाच्या बाजूने. त्यांनी शास्त्रवचनंच काढून दाखवली की ह्याने धर्म बुडत नाही. आगरकरही त्याच बाजूचे.

मी दादाला म्हटलं, फुलमणीची समज बघायला तेव्हा घरात कोण होतं? नवरा, सासू, बाप. समज बघून ठरवायचं म्हटलं की बघणारे आपण, आणि ठरवणारेही आपणच. गरजही आपलीच असते. आकडा आंधळा असतो हे कबूल. सतरा वर्षं पाच महिन्यांत काही कच्चं नसतं आणि अठराव्या वाढदिवसाला काही पिकत नाही. पण आकड्यापुढे तुझी गरज चालत नाही आणि माझीही चालत नाही, म्हणून मला तो हवा. शब्द मात्र बदला. वारा ओळखणाऱ्या पोराला अज्ञान म्हणू नका. ‘अल्पवयीन’ शब्द कायद्यात आहेच, तो फक्त वय सांगतो, अक्कल काढत नाही.

“ते मुलींचं झालं, आणि जुनं,” दादा म्हणाला. आवाज मात्र उतरला होता. “मी पोराचं वाईट करतोय काय? होडी चालली तर तोही जेवेल.”

हे खोटं नव्हतं. भाऊ गेल्यापासून दोन्ही चुली त्याच होडीवर पेटतात. दादा लबाड नाही, अडचणीत आहे.

मास्तर हळूच म्हणाले, “दादा, मी चाळीस वर्षं हेच बघितलं. कामाला हात हवा असला की पोरगं मोठं. वाटा विचारायला लागलं की लहान.”

तेवढ्यात तो मुलगाच आला, काकाला जेवायला बोलवायला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात जाळ्याची सुई तशीच, तर्जनीवर दोऱ्याचे वळ उमटलेले. कुणी काही बोलेना. त्याने उतारा बघितला, काकाच्या हातातून अलगद काढून घेतला आणि पत्र्याखालच्या दिव्याकडे धरून शेवटपर्यंत वाचला.

“हे आईला दाखवलंत?”

दादा म्हणाला, “तिला काय कळायचं त्यातलं?”

“आईला वाचता येतं,” मुलगा म्हणाला. कागद घडी करून पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि पावसात घराकडे निघाला. थोड्या वेळाने दादाही उठून त्याच्या मागून गेला.