फार्मसी वीक, कमिट्या आणि गेलेले मार्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘बी.फार्मच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या वर्षापासून एक तरी जबाबदारी घ्यावी’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कमिट्या म्हणजे फोटो आणि सर्टिफिकेट. त्यापायी अटेंडन्स जातो, इंटर्नलचे मार्क जातात, जीपॅटची, म्हणजे एम.फार्मच्या प्रवेश परीक्षेची, तयारी मागे पडते. पदं दरवर्षी हॉस्टेलवरच्या त्याच चार-पाच जणांना मिळतात, एसटीनं ये-जा करणाऱ्यांना कुणी विचारत नाही. तुम्ही क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) आहात, तिथं मुलाखतीत कुणी ‘कोणत्या कमिटीत होतास’ असं विचारत नाही. आणि शेवटी खरा प्रश्न : धाकटा भाऊ तिसऱ्या सेमिस्टरला आहे, त्याला फार्मसी वीकच्या (राष्ट्रीय फार्मसी सप्ताहाच्या) कमिटीत घेतायत, त्यानं हो म्हणावं का?

मार्कांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो पूर्णपणे खरा आहे आणि कमिटीत नावं घेताना मुलांना तो कुणी सांगत नाही. फार्मसी कौन्सिलच्या २०१४ च्या बी.फार्म नियमांत थिअरीच्या प्रत्येक विषयाला सेशनलचे, म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचण्यांचे, १५ मार्क धरून इंटर्नलचे २५ आहेत. उरलेल्या १० पैकी ४ मार्क निव्वळ अटेंडन्सचे. ९५ टक्के आणि त्यावर ४, ९० ते ९४ ला ३, ८५ ते ८९ ला २, ८० ते ८४ ला १. प्रॅक्टिकलला अटेंडन्सचे २ मार्क, ते अर्ध्या-अर्ध्यानं कमी होतात. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की परीक्षेलाच अडचण.

आता तुमच्या भावाचा हिशोब करा. तिसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स, मायक्रोबायोलॉजी आणि फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग, असे चार विषय आणि चारही प्रॅक्टिकलं. आठवड्याला तीन तासांप्रमाणे विषयाचे साधारण ४५ तास होतात. तो सहाही दिवस मांडवात राहिला तर प्रत्येक विषयाचे ३ तास आणि प्रत्येक प्रॅक्टिकलचा एक टर्न (आठवड्याची एक पाळी) जातो. ४५ पैकी ४२ म्हणजे ९३ टक्के, विषयामागे एक मार्क गेला. १५ पैकी १४ टर्न, तिथं अर्धा गेला. चार विषय मिळून सहा मार्क, तेही एकदाही आजारी न पडता. आधी तापात दोन दिवस गेले असतील तर हाच आकडा सात-आठपर्यंत जातो. या बदल्यात नियमात सहशैक्षणिक उपक्रमांना क्रेडिट आहे ते संपूर्ण पदवीच्या दोनशेहून अधिक क्रेडिटपैकी फक्त एक, आणि तेही कॉलेज ठरवेल त्या निकषावर. क्रेडिटसाठी कमिटीत जाणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

पण हा तोटा उपक्रमामुळे होत नाही, वेळापत्रक कसंही आखल्यामुळे होतो. ६० च्या वर्गाच्या प्रॅक्टिकलसाठी २०-२० च्या तीन बॅच असतात. ज्या दुपारी ए बॅचला प्रॅक्टिकल नाही त्या दुपारी ए बॅचची पाळी लावायची, असा तक्ता आधी बसून केला तर कुणाचाही टर्न बुडत नाही आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यात दोन पाळ्यांपेक्षा जास्त येत नाही. हे होत नाही, कारण तक्ता करणारा माणूसच कमिटीत नसतो. सूत्रसंचालक असतो, सजावट प्रमुख असतो, सोशल मीडिया पाहणारे दोघे असतात, आणि पाळ्यांचं आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या कोण कोण येतंय?’ असं विचारून ठरतं. मग जे भिडस्त असतात ते रोज येतात. दुसरी अडचण तारखेची. राष्ट्रीय फार्मसी सप्ताह नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि बऱ्याच कॉलेजांत तोच काळ दुसऱ्या सेशनलचा किंवा प्रॅक्टिकल परीक्षांचा असतो. त्या आठवड्यात एक दिवसाचा कार्यक्रम ठेवून मूळ काम २५ सप्टेंबरच्या जागतिक फार्मासिस्ट दिनाला जोडलं तर काहीही बिघडत नाही.

फोटो आणि सर्टिफिकेटचं म्हणाल, तर रॅलीबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा कडक आहे. दोनशे मुलं पांढरे ॲप्रन घालून बाजारपेठेतून घोषणा देत गेली, त्यानं एकाही रुग्णाचं औषध घेणं सुधारत नाही. माझा आग्रह आहे तो वेगळ्या कामाचा, आणि ते नेमकं काय असतं हे त्या लेखात थोडक्यात आटोपलं होतं, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडते.

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ओपीडीच्या वेळेत इनहेलरचं टेबल लावायचं. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे प्राचार्यांच्या सहीचं पत्र किमान तीन आठवडे आधी. जागा औषध वाटपाच्या खिडकीजवळ, पण रांगेच्या आड येणार नाही अशी. टेबलामागे दोन विद्यार्थी, सोबत नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेले एक शिक्षक, हे सक्तीचं. एका रुग्णाला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे दोन तासांत एका टेबलावर सतरा ते वीस रुग्ण. यापेक्षा जास्त आकडा सांगणाऱ्यांनी पत्रकं वाटलेली असतात.

रुग्णाला आधी त्याच्याच इनहेलरनं करून दाखवायला सांगायचं आणि पायऱ्या टिपायच्या : हलवला का, आधी श्वास पूर्ण सोडला का, दाबणं आणि श्वास आत घेणं एकाच वेळी झालं का, श्वास सावकाश आणि खोल होता का, दहा सेकंद रोखला का, दुसऱ्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबला का, स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरली का. पावडरच्या इनहेलरला नियम उलटा : श्वास जोरात आणि खोल घ्यावा लागतो, सावकाश घेतला तर पावडर तोंडातच राहते. दोन प्रकार असलेल्या घरात ही सरमिसळ हमखास होते. आणि पावडरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात. गोळ्यांच्या पाकिटासोबत कॅप्सूल मिळाली, ती कुठे घालायची हे कुणी दाखवलंच नाही, तर दुसरं काय होणार?

इथं विद्यार्थी ठरलेल्या चुका करतात. सगळं सांगून झाल्यावर ‘समजलं का काका?’ विचारतात, काका मान डोलावतात, आणि पुढचा रुग्ण. समजलं का विचारायचंच नाही, पुन्हा करून दाखवायला सांगायचं. डेमोचा एकच इनहेलर सगळ्यांच्या तोंडाला लावतात. डेमोचा फक्त हातात धरून दाखवण्यासाठी, रुग्णानं वापरायचा तो स्वतःचाच. आणि ‘आता बरं वाटतंय, बंद करू का?’ या प्रश्नाला उत्साहानं उत्तर देतात. डोस किंवा औषध बदलण्याबद्दल विद्यार्थ्यानं एक शब्द बोलायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. औषध कंपनीनं बॅनर आणि टी-शर्ट देऊ केले तर नम्रपणे नको म्हणायचं. ज्या टेबलावर एका ब्रँडचं नाव आहे तिथला सल्ला रुग्णाला जाहिरातच वाटतो.

नोंदवहीत नाव लिहायचं नाही. वयोगट, इनहेलरचा प्रकार, आधी चुकलेल्या पायऱ्या, नंतर चुकलेल्या पायऱ्या, एवढंच. औषधामुळे काही त्रास झाल्याचं रुग्णानं सांगितलं तर पीव्हीपीआयचा (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा) दुष्परिणाम नोंद फॉर्म शिक्षकांसोबत भरायचा. त्यात रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, संशयित औषध, त्रास काय आणि कधी सुरू झाला, आणि कळवणारा कोण, हे सुटलं तर फॉर्म निरुपयोगी ठरतो. रुग्णाला स्वतः कळवायचं असेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

तुम्ही क्यूएमध्ये आहात, म्हणून विचारते : लेखी पद्धत ठरवणं, त्याप्रमाणे काम झालं का ते जागच्या जागी नोंदवणं, कुठे चुकलं ते लपवून न ठेवता लिहिणं, हे तुमच्या विभागात नव्यानं आलेल्या मुलांना शिकवायला किती महिने लागतात? मुलाखतीत कमिटीचं नाव कुणी विचारत नाही हे मान्य. पण ‘एखादं काम ठरल्याप्रमाणे झालं नाही तेव्हा काय केलंस’ हे विचारतात, आणि ज्यानं अशी नोंदवही सांभाळली आहे त्याच्याकडे खरं उत्तर असतं. शिवाय हा अभ्यासच आहे. रुग्ण समुपदेशन आणि औषधांचे दुष्परिणाम सातव्या सेमिस्टरच्या फार्मसी प्रॅक्टिसमध्ये येतात. टेबलावर बसलेल्या मुलाला ते पाठ करावे लागत नाहीत.

पदवाटपाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बोचणारं आहे आणि बरोबरही. त्यावर मला एकच उपाय चालताना दिसतो. पदं जाहीर करू नयेत, कामं जाहीर करावीत. नोटीस बोर्डवर कामाचं वर्णन, लागणारे तास, ते कधी आणि कुठे करायचं, हे लिहून अर्ज मागवले की दिसतं की निम्म्या कामांना कॉलेजात संध्याकाळी थांबावंच लागत नाही. मराठी पत्रकाचा मजकूर, नोंदींचा तक्ता, हिशोब हे साडेचारची एसटी पकडणारा विद्यार्थीही करू शकतो. हिशोबाचं विशेष सांगते, कारण भांडणं तिथंच होतात : वर्गणी एकाच्या खासगी यूपीआयवर गोळा झाली की आठवड्याभरात त्याचे स्वतःचे पैसे आणि कमिटीचे पैसे वेगळे काढता येत नाहीत. पावतीपुस्तक, दोघांच्या सह्या, आणि तीन दिवसांत बिल न दिल्यास पैसे नाहीत, हे पहिल्या दिवशी ठरवावं.

उलट गावाहून येणाऱ्याकडे असं काही असतं जे हॉस्टेलवरच्याकडे नसतं. त्याच्या गावातली आशाताई त्याला ओळखते. पावसाळ्यात ओआरएस कसं करायचं हे अंगणवाडीत दाखवायला त्याला कुणाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही, आशाताईंना विचारून, त्यांच्यासोबत बसायचं. साडेवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण, एकदम. घरोघरी तेच पाकीट एका पेल्यात कालवतात आणि ते तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतं. अंदाजे अर्धं पाकीटही नको, २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं वेगळी मिळतात, पाकिटावरचं माप वाचायचं. कालवल्यावर उकळायचं नाही, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दुकानातली गोड, डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी, आणि त्याचा डोस आशाताई किंवा आरोग्य केंद्रच सांगेल.

जीपॅटचं तुमचं म्हणणं चौथ्या वर्षापुरतं मला पटतं. सातव्याला प्रॅक्टिस स्कूल, आठव्याला प्रोजेक्ट, आणि २०२३ ते २०२५ या वर्षांत ही परीक्षा मे-जूनमध्ये झाली. म्हणून सगळी प्रमुख कामं पाचव्या-सहाव्या सेमिस्टरच्या मुलांकडे असावीत आणि सहाव्याची परीक्षा लागण्याआधी फाइल खालच्या वर्गाकडे जावी. ती अंतिम वर्षाकडे राहिली तर मुलं निकालानंतर निघून जातात आणि पुढच्या वर्षी रुग्णालयाचं पत्र कुणाला लिहायचं इथपासून सुरुवात होते. पहिल्या वर्षात मात्र कुणीच काही घेऊ नये.

तर भावाला माझं उत्तर : कमिटीत जा, पण आधी काम विचार. स्टेज, सजावट, स्वागत असेल तर नको म्हण. पाळ्यांचा तक्ता किंवा नोंदवही मिळत असेल तर घे, आणि स्वतःच्या दोनच पाळ्या लाव, तुझ्या बॅचला प्रॅक्टिकल नसेल त्या दुपारी. प्रत्येक विषयाचे किती तास आधीच गेलेत ते हो म्हणण्यापूर्वी ऑफिसातून काढून घे. दोनपेक्षा जास्त गेले असतील तर या वर्षी नुसता हिशोबाला बस. आणि रुग्णालयाचं परवानगीपत्र हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू देऊ नकोस.