डबा घेणाऱ्याले आधी धरू नका

आमच्या आर्णी-दिग्रसकडं छत्री बसवून देणाऱ्या दुकानात टीव्हीचे काही डबे (सेट-टॉप बॉक्स) असे मिळतात की त्यावर फ्री डिश दिसते, नेट जोडलं की यूट्यूब चालते, आणि आतलं सॉफ्टवेअर बदलून कुठल्यातरी सर्व्हरची ‘लाइन’, म्हणजे चॅनलचं कुलूप उघडणारं चोरीचं कनेक्शन, टाकली की पैसेवाले चॅनलही दिसतात. डबा तोच. म्हणून डबा घरात सापडला एवढ्यावर कोणाला चोर ठरवू नये, असं माझं मत आहे. केबलवाल्या मित्राला हे पटत नाही, त्याच्याकडं येतो.

अमेरिकेत हे होऊन गेलं. डायरेक्टीव्ही या छत्रीवरून चॅनल दाखवणाऱ्या कंपनीनं 2001 मध्ये स्मार्टकार्ड (डब्यात घालायचं, चॅनल उघडणारं कार्ड) प्रोग्राम करणारी यंत्रं विकणाऱ्यांवर छापे घालायला लावले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या याद्याच मिळवल्या. मग यादीतल्या लोकांना पत्रं गेली: साधारण 3,500 डॉलर भरा, नाहीतर कोर्टात या. लाखावर लोकांना अशी पत्रं, हजारोंवर दावे. आता तेच यंत्र कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी, कुलपाच्या कार्डासाठीही वापरतात. यानं चॅनल चोरून पाहिले याचा पुरावा काय, तर यानं यंत्र विकत घेतलं! वकिलाचा खर्च तडजोडीपेक्षा जास्त, म्हणून कित्येकांनी मुकाट्यानं पैसे भरले. शेवटी जून 2004 मध्ये अकराव्या सर्किटच्या (तिथल्या एका विभागाच्या) अपील कोर्टानं सांगितलं की नुसतं यंत्र बाळगलं म्हणून चोरून सिग्नल पकडण्याविरुद्धच्या तिथल्या कायद्याखाली कंपनीला दावा लावता येत नाही. त्याच महिन्यात कंपनीनंही नुसत्या खरेदीवरून दावे लावणं थांबवायचं कबूल केलं.

विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधला एक जण फुकट सिनेमे अन् मॅचेस दाखवणाऱ्या लिंका आधीच भरून डबे विकायचा, जाहिरातही तशीच करायचा. एप्रिल 2017 मध्ये युरोपच्या न्यायालयानं त्याला सोडलं नाही. माझ्या मते बरोबर केलं. तो डबा विकतच नव्हता, चोरीची सोय विकत होता.

आपल्याकडं कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65अ आलं. हक्क मोडायच्या इराद्यानं चॅनल-सिनेमाला लावलेलं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इरादा हा शब्द कायद्यातच आहे, हे महत्त्वाचं. याच कलमात आणखी एक गंमत आहे: कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत केली तर त्या माणसाचं नाव, पत्ता, कारण अशी पूर्ण नोंद ठेवायची. आमच्याकडं दुकानात उधारीच्या वहीशिवाय दुसरी वही कोणी पाहिली असेल तर सांगा बाप्पा.

लोक या डब्याकडं वळतात काहून? 2019 मध्ये पहिल्या 100 चॅनलांसाठी 130 रुपये अधिक कर लागायचा, पैसेवाल्या चॅनलांचे त्यावर वेगळे. रिचार्ज महिन्याला, आणि कापसाचा पैसा येणार दिवाळीनंतर. हे कारण आहे, माफी नाही. केबलवाला मित्र म्हणतो, “मी कंपनीले पैसे भरतो, वायर माकडं तोडतात तेबी मीच जोडतो, अन् हे लोकं फुकट पाहतात. घेणारा नसता त इकणारा आलाच कायले असता?”

त्याचं निम्मं खरं आहे. ‘सगळे चॅनल लागतात’ म्हणून पहिल्यांदा दुकानदारानं गळ्यात मारलं, ते समजू शकतो. शेतातून आलेल्या माणसानं एन्क्रिप्शन (चॅनलचं डिजिटल कुलूप) ओळखावं अशी अपेक्षा मी करणार नाही. पण लाइन बंद पडल्यावर जो पुन्हा दुकानात जाऊन तिचे पैसे भरतो, त्याला सगळं माहीत असते. त्याच्यावर लावा केस. फक्त पुरावा त्या भरण्याचा आणा, कपाटावरच्या डब्याचा नको. अन् कोणाला अशी पैसे मागणारी नोटीस आलीच, तर फोनवरून लगेच पैसे पाठवू नका. आधी वकिलाला दाखवा, मी काय पाहिलं अन् कधी पाहिलं हे लेखी विचारा.