विसोत्स्की सैबेरियात गेला होता, शूटिंगला

‘हुकूमशाहीने गळा घोटलेला अमर कलावंत’ अशा मथळ्याचं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. सोव्हिएत नट आणि गायक व्लादिमीर विसोत्स्कीबद्दल. त्याचा सारांश असा: स्टालिनच्या राजवटीत त्याने सैबेरियाच्या छावणीत दहा वर्षं सक्तमजुरी केली आणि गाणी तिथेच रचली. छळामुळे त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला. सुटून आल्यावर सरकारने त्याला ना नाटकात उभं राहू दिलं, ना सिनेमात, ना देशाबाहेर जाऊ दिलं. शेवटी 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकच्या गर्दीत केजीबीने विष घालून मारलं, अंत्ययात्रेला वीस लाख लोक आले आणि पेपरात एक ओळसुद्धा छापून आली नाही. खाली हात जोडल्याचे इमोजी.

दोन-तीन ग्रुपवर आलं तेव्हा दुर्लक्ष केलं. पण आता माझा भाचा यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहायला बसलाय. पहिला प्रवेश कोठडीत, नायक कोळशाने भिंतीवर गाणं लिहितोय. पोरं महिना-महिना तालीम करतात हो. निदान खऱ्या गोष्टीवर तरी करू देत.

छावणीपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. विसोत्स्कीचा जन्म 25 जानेवारी 1938 चा, मॉस्कोतला. स्टालिन मेला मार्च 1953 मध्ये. तेव्हा हा पंधरा वर्षांचा, शाळेत. म्हणजे दहा वर्षांची शिक्षा बसवायची तर अटक पाचव्या वर्षी करावी लागते! प्रत्यक्षात युद्धाच्या काळात तो आईबरोबर उरलकडे हलवलेल्या लोकांत होता, आणि 1947 ते 1949 लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांबरोबर जर्मनीत एबर्सवाल्डला राहत होता. पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन तो अर्धवट सोडला, 1956 मध्ये मॉस्को आर्ट थिएटरच्या नाट्यशाळेत गेला, 1960 मध्ये शिकून बाहेर पडला. दहा वर्षांचं भगदाड यात कुठेही सापडत नाही.

सैबेरियात मात्र तो होता. 1968 च्या उन्हाळ्यात, क्रास्नोयार्स्क भागातल्या विएझ्झी लोग नावाच्या खेड्यात, एका सिनेमाच्या शूटिंगला. सोबत मॉस्कोच्या तागांका थिएटरमधला सहकारी नट वालेरी झोलोतुखिन. झोलोतुखिन डायरी लिहिणारा माणूस होता आणि या मुक्कामाबद्दल त्याने भरपूर सांगून ठेवलंय. दोघं एका रिकाम्या घरात राहायचे. गावातली पोरं ‘खरा विसोत्स्की’ बघायला खिडकीशी गोळा व्हायची. हा रात्र-रात्र दिव्याखाली लिहीत बसायचा. झोलोतुखिन सैबेरियातल्या अल्ताईच्या खेड्यातला, म्हणून एकदा विसोत्स्कीने त्याला विचारलं की धूर बाहेर जाणारं न्हाणीघर आणि आतच धूर कोंडणारं न्हाणीघर यांत फरक काय. तिथेच ते प्रसिद्ध न्हाणीघराचं गाणं झालं. छावणीतून परतलेला कैदी सांगतोय: न्हाणी तापव, छातीवर डाव्या बाजूला स्टालिनचा चेहरा गोंदवलाय, ज्याच्यावर एवढा भरवसा ठेवला त्यानेच वाट लावली. फॉरवर्डमध्ये हे गाणं ‘त्याची आपबीती’ म्हणून दिलंय. आपबीती कसली! ही माहिती काढून, विचारपूस करून उभी केलेली भूमिका आहे.

दुसरं गाणं मागादानचं. मागादान म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेकडल्या कोलिमा भागातल्या सक्तमजुरीच्या छावण्यांचं दार, त्यामुळे नाव दिसलं की लोक निष्कर्ष काढून मोकळे. गाणं आहे त्याच्या वर्गमित्राबद्दल, ईगर कोखानोव्स्कीबद्दल, जो 1965 मध्ये आपण होऊन तिकडे राहायला आणि वर्तमानपत्रात काम करायला गेला. गाण्यात तर स्पष्टच म्हटलंय की मित्र स्वतःहून गेला, कैद्यांच्या तांड्यातून नाही. याहून सरळ कसं लिहायचं त्याने?

मला राग येतो तो इथे. विसोत्स्की नट होता, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. त्याची गाणी ‘मी’ म्हणून बोलतात, पण तो ‘मी’ दर वेळी वेगळा: कधी चोर, कधी खंदकातला सैनिक, गिर्यारोहक, ट्रकवाला, एका गाण्यात तर चक्क लढाऊ विमान. युद्ध संपलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, तरी माजी सैनिक त्याला पत्रं लिहायचे की तुम्ही आमच्या तुकडीत होतात ना? त्याचं सुरुवातीचं गाणं गोंदणावर आहे, आणि त्याने स्वतः सांगितलंय की 1961 मध्ये लेनिनग्राडच्या बसमध्ये एका माणसाच्या छातीवरचं गोंदण दिसलं त्यावरून ते सुचलं. बसमध्ये दिसलेल्या छातीवरून अख्खा माणूस उभा करणं ही त्या नटाची कमाई. फॉरवर्ड ती काढून घेतं आणि बदल्यात त्याला खोटी शिक्षा बहाल करतं.

आवाज छळामुळे गेला म्हणे. नाट्यशाळेतून बाहेर पडला तेव्हाही तो आवाज खरबरीतच होता. वर तो स्वरांऐवजी व्यंजनांवर रेंगाळायचा, ‘र’ आणि ‘ल’ ताणायचा. ती गायकी आहे, जखम नाही.

नाटकात उभं राहू दिलं नाही हा मुद्दा वाचून तर कपाळाला हात लावला. 1964 पासून मरेपर्यंत तो दिग्दर्शक युरी ल्युबिमोवच्या तागांका थिएटरचा नट होता. ब्रेख्तचा गॅलिलिओ त्याने केला, चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मधला लोपाखिन केला, दस्तयेव्स्कीचा स्विद्रिगाइलोव्ह केला. आणि हॅम्लेट. 29 नोव्हेंबर 1971 ला पहिला प्रयोग. प्रेक्षक आत येत असताना काळ्या स्वेटरमधला हॅम्लेट रंगमंचाच्या मागच्या भिंतीला टेकून गिटार छेडत बसलेला असायचा. दाविद बोरोव्स्कीने नेपथ्यात एक विणलेला, अजस्र लोकरी पडदा टांगला होता, जो मंचभर फिरायचा आणि पात्रांना रेटत न्यायचा. नाटक सुरू व्हायचं ते विसोत्स्कीने गायलेल्या, रशियन कवी-कादंबरीकार पास्तरनाकच्या ‘हॅम्लेट’ या कवितेने. ही कविता ‘डॉक्टर झिवागो’मधली. ती कादंबरी सोव्हिएत संघात 1988 पर्यंत छापली गेली नाही. म्हणजे अधिकृत, सरकारी पैशावर चालणाऱ्या थिएटरात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, न छापलेल्या कादंबरीतली कविता गिटारवर म्हटली जात होती, वर्षानुवर्षं. एकांकिकेचा पहिला प्रवेश हवा असेल तर हा घ्या की! हॅम्लेट त्याने शेवटचा केला 18 जुलै 1980 ला, मृत्यूच्या आठवडाभर आधी.

सिनेमाचं मात्र काही अंशी खरं आहे, ते मान्य करतो. 1968 मध्ये पुरा झालेला ‘इंटरव्हेन्शन’ हा त्याचा सिनेमा 1987 पर्यंत डब्यात पडून होता. रॉबिन हूडवरच्या सिनेमासाठी लिहिलेली गाणी काढून टाकली. हयातीत मेलोदिया या सरकारी रेकॉर्ड कंपनीने त्याच्या छोट्या तबकड्या काढल्या, पण देशात त्याच्या एकट्याची मोठी तबकडी निघाली नाही, कवितांचा संग्रह तर नाहीच. लोक टेपवरून टेपवर उतरवून ऐकायचे. जून 1968 मध्ये ‘सोव्हिएत्स्काया रोसिया’ या वर्तमानपत्राने त्याच्यावर जो टीकालेख छापला, त्यात दुसऱ्यांची गाणी त्याच्या नावावर खपवली होती. सरकारी पेपर आणि आपलं फॉरवर्ड, दोघांची पद्धत एकच निघाली. थोडक्यात, त्याच्यावर पुरती बंदीही नव्हती आणि पुरती मान्यताही नव्हती. हे समजायला अवघड नाही, फक्त त्यावर हात जोडल्याचे इमोजी चिकटवता येत नाहीत.

आणि फोटो! ‘शिक्षा भोगताना’ असं खाली लिहून जो फोटो लावलाय, त्यात तो चामड्याच्या कोटात आहे. ते ग्लेब झेग्लोव्ह हे पात्र आहे. 1979 मध्ये टीव्हीवर आलेल्या पाच भागांच्या मालिकेतला दरोडेखोरांना पकडणारा पोलीस अधिकारी, जो पाकीटमार सुटू नये म्हणून त्याच्याच खिशात पाकीट घालतो. लोकांना शिक्षा देणाऱ्याचा फोटो कैदी म्हणून फिरतोय. याच भूमिकेसाठी आणि गाण्यांसाठी 1987 मध्ये त्याला सोव्हिएत राज्य पुरस्कार मिळाला, मरणोत्तर. जिवंतपणी साधी ‘सन्मानित कलावंत’ ही पदवी दिली नव्हती.

परदेशाचं एका ओळीत. फ्रेंच अभिनेत्री मारिना व्लादीशी त्याने 1970 मध्ये लग्न केलं, 1973 पासून तो बाहेर जाऊ लागला, तागांकाच्या दौऱ्यात 1976 मध्ये बेलग्रेडला आणि 1977 मध्ये पॅरिसला हॅम्लेट केला, आणि मॉस्कोत मर्सिडीज फिरवायचा.

राहिला मृत्यू. 25 जुलै 1980, मालाया ग्रुझिन्स्काया रस्त्यावरच्या घरी, वय बेचाळीस. दारूचं व्यसन जुनं होतं, शेवटच्या वर्षांत मॉर्फिनही आलं. बरोबर वर्षभरापूर्वी, जुलै 1979 मध्ये, उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याला दौऱ्यावर असताना त्याचं हृदय बंद पडून परत सुरू झालं होतं. व्लादीने त्याच्या व्यसनाबद्दल लपवाछपवी न करता लिहिलंय. वडिलांच्या आग्रहामुळे शवविच्छेदन झालं नाही, आणि अफवांना तेवढी फट पुरली. ‘वेचेर्नाया मोस्क्वा’ या मॉस्कोच्या सायंदैनिकात छोटं निवेदन आलं होतं, त्यामुळे ‘एक ओळसुद्धा नाही’ हेही चूक. ऑलिंपिकसाठी बंदोबस्त केलेल्या शहरात तागांकासमोर हजारोंची रीघ लागली, हे खरं. वीस लाख हा आकडा कुठून आला ते फॉरवर्ड सांगत नाही. विषाचा पुरावा म्हणून मात्र दोन शब्द दिलेत: ‘जाणकार म्हणतात’.