चालते का?

मॉडेल गाड्यांच्या दुनियेत १:२४ वाला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी जोडणारा माणूस सुखी. गाडी तळहातावर मावते, इंजिन अंगठ्याच्या पेराएवढं, आणि त्यात काही नसलं तरी एवढ्याशा जागेत काय दाखवणार म्हणून लोक सोडून देतात. मी १:८ च्या नादी लागलो. या मापात चार मीटरची गाडी अर्ध्या मीटरची होते. दारं उघडतात, डिकी उघडते आणि मुख्य म्हणजे बॉनेट उघडतं. उघडणारं बॉनेट ही नसती आफत आहे. ते बंद असतं तर मी आज चारचौघांसारखा झोपत असतो.

किटमधल्या, म्हणजे सुट्या भागांच्या खोक्यातल्या, इंजिनाला सगळं होतं. कार्ब्युरेटर होता, डिस्ट्रिब्युटर होता, चार प्लगही होते. खऱ्या गाडीत डिस्ट्रिब्युटर वायरींमधून एकेका प्लगला ठिणगीची वीज वाटतो. इथे डिस्ट्रिब्युटर आणि प्लग यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. खऱ्या प्लगची वायर ७-८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे मला साधारण १ मिलिमीटरची हवी. ती एका मेलेल्या चार्जरच्या पोटात सापडली. मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला भोकं पाडली: चार कडेला आणि वीज आणणाऱ्या कॉइलच्या वायरीसाठी एक मधोमध. आता वायरी जोडायच्या कशा? चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर पेटायचा नेहमीचा क्रम १-३-४-२. टोपीखालचा फिरता रोटर कुठल्या बाजूने फिरतो तेही बघावं लागतं, नाहीतर सगळं उलटं होतं. हे इंजिन जन्मात पेटणार नाही हे मला ठाऊक आहे. पण म्हणून तिसऱ्या सिलिंडरची वायर दुसऱ्याला जोडायची? मन धजेना.

वायरी झाल्या आणि खरा घोळ पुढे सुरू झाला. एवढ्या खऱ्या वायरींच्या शेजारी रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची दिसायला लागली. होतीच ती प्लॅस्टिकची, पण आधी दिसत नव्हती. नळी बदलली तर तिला क्लॅम्प नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीची दोऱ्याएवढी पट्टी कापून क्लॅम्प केले, तर बॅटरी ओकीबोकी वाटू लागली. या छंदात काम संपत नाही ते यामुळेच. एक वस्तू खरी केली की शेजारची खोटी पडते आणि शेजार काही केल्या संपत नाही. इटलीच्या पोकेर कंपनीच्या १:८ च्या रोल्स रॉइस किटमध्ये दोन हजारांहून जास्त भाग असायचे, आणि तारांच्या चाकांमधली एकेक तार हाताने ओवावी लागायची. तरी ते किट घेणारे वर आपल्या पदरचं काहीतरी बसवायचेच. मला त्यांचं अजिबात आश्चर्य वाटत नाही.

बारीक वस्तूंचा स्वभाव वेगळा असतो. टायरच्या व्हॉल्व्हची टोपी या मापात मिलिमीटरभर भरते. चिमट्यात धरली की ती शांत असते. चाकाजवळ नेली की ‘टिक’ असा आवाज होतो आणि चिमटा रिकामा. मग खोलीतला दिवा घालवायचा, फरशीवर आडवं पडायचं आणि टॉर्च जमिनीला टेकवून प्रकाश फरशीलगत सोडायचा, म्हणजे कणाकणाची लांब सावली पडते. या उपायाने वस्तू हमखास सापडते. फक्त आपण शोधत असतो ती नव्हे. मला आरशाचा स्क्रू सापडला, जो गेला म्हणून मी रडतरखडत दुसरा बनवला होता. टोपी शेवटी माझ्याच कोपराला चिकटलेली निघाली.

खरी वस्तू वापरली की गाडी खरी दिसेल, हा नवशिक्यांचा गैरसमज. सीटवर अस्सल चामडं चढवून बघा. त्याचा रवा काही लहान होत नाही, त्यामुळे हत्ती सोलून सीटा शिवल्यासारखं दिसतं. उलट साध्या प्लॅस्टिकवर मंद चमकेचा रंग आणि घड्यांमध्ये तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडला की बघणारा वास घ्यायला वाकतो. रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवरचा कंपनीचा रंग ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला आठने भागा. म्हणजे एअरब्रशमधून रंग नाही, रंगाचा नुसता विचार फवारायचा.

गाडी चकाचक झाली की दुसरा अंक. आता ती जुनी करायची. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण इथे गाडीला मालक लागतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या खोडी मला पाठ आहेत. तो उतरताना सीटच्या बाहेरच्या कडेवर घसरतो, तेव्हा तिथला रंग उडवला. पेट्रोलची टोपी लावताना त्याचं लक्ष नसतं, म्हणून झाकणाभोवती ओरखडे. क्लचवर पाय ठेवून बसायची त्याला वाईट सवय आहे, तेव्हा क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत. कधीतरी भेटला तर मी त्याला चार शब्द सुनावणार आहे.

हे सगळं मी माझ्या मेहुण्याला दाखवलं. त्याने कौतुकाने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून इंजिन पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, चालते का?”

“नाही.”

“मग रिमोट?”

“नाही रे.”

“अच्छा,” तो म्हणाला आणि त्याने बॉनेट बंद केलं. १-३-४-२ आत गेलं.

बायकोचा आक्षेप वेगळा आहे. टेबलावरची खरी धूळ गाडीवर बसली तर ती धूळ वाटत नाही. कापडाचा एक तंतूही तिथे दोरखंड दिसतो. त्यामुळे आधी मऊ ब्रशने खरी धूळ झटकायची आणि मग पेस्टल खडूची भुकटी करून खोटी धूळ बसवायची. बायको दारात उभी राहून हे बघत होती.

“तू आत्ता धूळ पुसलीस ना?”

“हो.”

“आणि आता परत लावतोयस?”

“ही मापातली आहे.”

यावर ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प बसली की मी सावध होतो.

मापातली धूळ लावायला नमुना लागतो, आणि नमुना खाली पार्किंगमध्ये उभा आहे. चाकामागचा चिखल खाली दाट असतो आणि वर विरळ होत जातो. दाराच्या मुठीखाली बोटांचे फराटे असतात. वायपरच्या अर्धगोलाबाहेर काच मळकट राहते, पण कोपऱ्यात जरा जास्तच. हे मनाने करता येत नाही, बघावं लागतं. म्हणून मी ती गाडी धुऊ देत नव्हतो.

रविवारी बायको बादली आणि फडकं घेऊन खाली उतरली. मी मागोमाग धावलो. “थांब, मागच्या चाकाचे फोटो राहिलेत!”

तिने बादली खाली ठेवली, मागच्या काचेवर बोटाने ठसठशीत अक्षरांत ‘मला धुवा’ लिहिलं आणि वर निघून गेली.

मी जवळ जाऊन पाहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. कडेला धुळीची बारीक रेघ साचलेली, उकारापाशी बोट जरासं सरकलेलं. बोटाची रुंदी १६ मिलिमीटर धरली, तर आठने भागून २. काडेपेटीतली काडी जवळजवळ तेवढीच असते.