चार ओळी आणि चौकीतले चार तास

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने मागच्या महिन्यात गोदाघाटावर नदीत मिसळणाऱ्या गटाराच्या पाण्याचा फोटो टाकला आणि खाली चार ओळींची कविता लिहिली. गोदामाईला आपण काय पाजतोय, एवढाच अर्थ. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून फोन आला, "भावना दुखावल्याची तक्रार आहे, जरा येऊन जा."

मी सोबत गेलो. चार तास बाकावर बसलो. नोटीस नाही, गुन्हा नाही, कागदाचा चिटोराही नाही. शेवटी पोस्ट काढायला लावली आणि हात जोडून माफीचा व्हिडिओ करून घेतला. त्याची मान वर होत नव्हती आणि मागून कुणीतरी "मोठ्याने बोल" म्हणत होतं. तो आवाज कानातून जात नाही.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. नुसत्या 'भावना दुखावल्या' हे त्यात नाही. धर्माचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान केला तर वेगळं कलम आहे, पण गटाराच्या फोटोत तो हेतू आणायचा कुठून?

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्येच हँडीसाइड या ब्रिटिश प्रकाशकाच्या खटल्यात म्हटलं की खुपणारं, धक्का देणारं बोलणंही अभिव्यक्तीच्या हक्कात येतं. (त्या प्रकाशकाची शिक्षा मात्र कायम राहिली, हेही सांगायला हवं.) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका खासदाराच्या कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने जोखा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे, असं बजावलं.

आणि हे नाशिककरांना सांगावं लागतं! १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्या म्हणून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते परकं सरकार होतं. १९३० मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, तेव्हा सनातन्यांच्या भावना दुखावल्याच होत्या. मग काय, माणसांनी दारातून परत फिरायला हवं होतं?

तो मुलगा आता काहीच लिहीत नाही. "काका, कंपनीत कळलं तर?" एवढंच विचारतो.

कुणाला असा फोन आला तर आधी लेखी नोटीस मागा. एकटे जाऊ नका. मला सांगा, रात्री बारा वाजता असलं तरी मी सोबत येईन.