टायरमधली हवा लाथेने मोजता येत नाही

उन्हाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, हा कंपन्यांचा किंमत वाढवण्याचा बहाणा आहे, हवा नजरेने किंवा लाथ मारून कळते, थंडीत तिचा डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा उगाच लागतो, आणि समृद्धी महामार्गावर हवा चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी ठेवावी, दिवा लागला तरी दुर्लक्ष करावे, म्हणजे टायर फुटत नाही.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक, म्हणून आधी तोच. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापत जाते आणि ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने तासभर हेच चालले तर टायरचे थर सुटू लागतात. धावताना दाब वाढतो हे खरे आहे; सकाळी 33 असलेला आकडा 37 पर्यंतही जातो. मात्र चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो आणि ही वाढ गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो.

नजरेचे म्हणाल, तर रेडियल टायर, म्हणजे आजच्या मोटारींना असतो तो नेहमीचा टायर, पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा आकडा तीन दिवसांत 33 वरून 27 वर आला, तरी ते चाक उजव्या चाकासारखेच दिसत होते. पंक्चरवाल्याने साबणाचे पाणी फिरवले, तेव्हा खाचेत रुतलेल्या स्क्रूभोवती बारीक बुडबुडे आले.

थंडीतला दिवाही खोटा नसतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय दाब कमी होतो. त्यामुळे पहाटे दिवा लागून नंतर विझत असेल, तर हवा आधीपासूनच काठावर होती.

बहाण्याचा आरोप अर्धवटच खरा आहे. फायरस्टोन कंपनीच्या टायरमुळे झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेने 2000 मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर 2007 पासून नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना ती लागते. आपल्याकडे मात्र 2020 च्या नियमबदलानुसार टीपीएमएस आणि पंक्चरचे किट दिले की स्टेपनी न देण्याची मुभा मिळते, तेव्हा इथे कंपनीच्या फायद्याची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

तक्रार करायचीच तर ती उलटी करावी लागेल, कारण दिवा उशिरा लागतो. अमेरिकी नियमात मर्यादा 25 टक्के घटीची आहे, म्हणजे 33 चे 25 होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या सेन्सरवरून चाकांच्या फिरण्याची तुलना करणाऱ्या स्वस्त प्रकाराला तर चारही चाकांतली हवा सारखीच उतरली, तर ते सहसा लवकर उमगत नाही. म्हणून आकडे दाखवणारी यंत्रणा असली तरी महिन्यातून एकदा, टायर गार असताना, दाब मोजायचे गेज लावून पाहावेच लागते.